खेळातले केस आणि डोक्यावरचे केस

बसून खेळायचे खेळ पुष्कळ आहेत. सापशिडी, पत्ते, कॅरम तुम्हाला माहीतच असतील. मला मात्र सोंग घेऊन खेळायचा खेळ सगळ्यात जास्त आवडतो. सोंग घेणं म्हणजे दुसऱ्या कुणासारखं बोलणं आणि वागणं. 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा त्यातला सर्वांत प्रसिद्ध खेळ. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोन अमेरिकनांनी तयार केलेला हा खेळ 1974 साली बाजारात आला. तुमच्यापैकी काही जण तो मित्रांबरोबर इंग्रजीत खेळतही असतील. माझं म्हणणं एवढंच, की एकदा तो मराठीत खेळून बघा.

रीत सोपी आहे. एक जण गोष्ट पुढे नेतो. इंग्रजीत त्याला मास्टर म्हणतात, पण मला आपला नाटकातला शब्द जास्त आवडतो : सूत्रधार. बाकीचे एकेक पात्र होतात. सूत्रधार सांगतो, "समोर दार आहे. आतून कुणाच्या तरी घोरण्याचा आवाज येतोय. काय करता?" काय करायचं ते तुम्ही ठरवता. ते जमलं की नाही, हे 20 बाजूंचा फासा ठरवतो.

हे सगळं परदेशी आहे, असं काही पालकांना वाटतं. नियम परदेशी आहेत, हे खरं. पण आपल्या सिंधुदुर्गातला दशावतार बघा. तिथे नट आधी फक्त कथा ठरवून घेतात. संवाद लिहिलेले नसतात. राजा आणि राक्षस समोरासमोर येतात आणि जे सुचेल ते तिथल्या तिथे बोलतात. फासा तेवढा नसतो!

आता मराठीतच का खेळायचं? तुमचं रोजचं मराठी आठवा. "जेवलास का?" "हो." "अभ्यास झाला?" "हो." संपलं. मराठीत तुम्ही कधी कुणाशी सौदा केलाय? पहारेकऱ्याला थाप मारलीये? कुणाची समजूत काढलीये? घरात एका शब्दात उत्तर द्यायची सवय लागते. मग आजीचा फोन आला की दोन मिनिटांत शब्द संपतात आणि फोन आईच्या हातात जातो. इथल्या बऱ्याच घरांत मी हे बघतो. आजीला वाटतं, नातवंडाला आपल्याशी बोलायचंच नाही. खरं तर त्याला बोलायचं असतं, पण वाक्यं सापडत नाहीत.

खेळात वाक्यं शोधावीच लागतात. आमच्या शनिवारच्या गटात एक मुलगा राजाला म्हणाला, "ए, तू इकडे ये." मी सूत्रधार होतो. मी म्हटलं, "राजा चिडलाय. टाक फासा." फासा पडला 3. बिचारा थेट तुरुंगात! पुढच्या शनिवारी तोच मुलगा म्हणाला, "महाराज, आपण इकडे येता का?" तू, तुम्ही आणि आपण यांतला फरक मी वर्गात चार वेळा शिकवला होता. तुरुंगाने तो एकदाच शिकवला.

आणि गोष्टीसाठी ड्रॅगनच हवा असं नाही. बहरीनचा किल्ला तुमच्या घरापासून फार तर अर्ध्या-पाऊण तासावर आहे. हजारो वर्षांपूर्वी इथे दिलमुनचे व्यापारी राहायचे. त्यांचा सिंधू संस्कृतीशी व्यापार होता. तिकडच्या पद्धतीची वजनं याच किल्ल्यात खोदकामात सापडली आहेत. एक गलबत, एक चोरीला गेलेलं वजन, दोन भाषा बोलणारा दुभाषा. झाली की गोष्ट तयार!

आता केस. पात्र तयार करताना मुलं सगळ्यात जास्त वेळ कशावर घालवतात? केसांवर. कागदावर शक्ती, चपळाई, बुद्धी यांना आकडे असतात. केसांची नोंद असते, पण त्यांना एकही गुण नाही. तरी अर्धा तास चर्चा चालते : निळे की पांढरे, शेंडी की झुलपं, एक वेणी की दोन. मला यात काही चूक वाटत नाही. आपण कोण आहोत, हे माणूस केसांतूनही सांगतो.

म्हणून खऱ्या केसांबद्दलही माझं मत तेच आहे : ज्याचं डोकं, त्याची मर्जी. माझ्या मराठी शाळेत मुलींना दोन वेण्या आणि रिबिनी सक्तीच्या होत्या. मुलांचे कल्ले वाढले की सर ते धरून ओढायचे. मला तेव्हाही ते पटत नव्हतं. त्याच काळात धोनीचे केस मानेवर रुळत होते. 2006 साली लाहोरला पाकिस्तानचे राष्ट्राध्यक्ष मुशर्रफ यांनी त्याला सगळ्यांसमोर सांगितलं होतं, की केस कापू नकोस. (2011 चा वर्ल्ड कप जिंकल्यावर त्याने चक्क चकोट केला.)

केस ही छोटी गोष्ट आहे, असं मोठी माणसं म्हणतात. नेहमीच नसते. पूर्वी महाराष्ट्रात काही जातींमध्ये नवरा वारला की बाईचं डोकं भादरायची रूढी होती. तिला कुणी विचारायचं नाही. 1890 साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने न्हाव्यांची सभा झाली आणि हे काम आम्ही करणार नाही, असं न्हाव्यांनीच ठरवलं. ज्यांच्या हातात वस्तरा होता, तेच नाही म्हणाले. मला ही गोष्ट फार आवडते.

तेव्हा व्हिडिओ कॉलवर आजी म्हणाली, "हे काय डोक्यावर जंगल?" तर रागावू नका आणि फोनही ठेवू नका. तिला मराठीत सांगा, तुम्हाला ते केस का आवडतात. निदान तीन वाक्यं बोला. तेल लावण्याबद्दल मात्र तिच्याशी वाद घालू नका, कुणीच जिंकलेलं नाही. आणि खाडीतल्या पाण्याने केस गळतात, असं टक्कल पडलेला प्रत्येक काका तुम्हाला सांगेल. मीही लवकरच सांगायला लागेन.

जुलैमध्ये पारा 40 च्या वर गेला की बाहेर खेळता येणार नाहीच. तोवर एक पात्र तयार ठेवा. नाव, काम, कशाची भीती वाटते, आणि केस. केसांचं वर्णन पाच वाक्यांत करा. 'कूल' हा शब्द चालणार नाही.