खणणारी कोळंबी, राखणारा मासा



मोठा मासा लहान माशाला खातो, हे वाक्य आपल्याला लहानपणापासून ऐकवले जाते. जुन्या राजनीतीत त्याला 'मत्स्यन्याय' असे भारदस्त नाव आहे. बलवंताने दुबळ्याला गिळावे ही निसर्गाचीच रीत आहे, मग तुम्ही समतेची भाषा कशाला करता, असा टोमणा आपल्या कामगार बांधवांना अजूनही ऐकावा लागतो. दाखला समुद्राचाच द्यायचा असेल, तर या आठवड्यात आम्ही आपणांस समुद्राच्या तळाचे एक घर दाखवतो.

तांबडा समुद्र, हिंदी महासागर आणि पॅसिफिक महासागराचा पश्चिम भाग येथे प्रवाळांच्या आसपास उथळ पाण्यात वाळूचा तळ असतो. तेथे बोटभर लांबीची एक कोळंबी बीळ खणून राहते. अल्फियस हे तिचे शास्त्रीय नाव. ती कष्टाळू आहे. वाळू सतत ढासळते, म्हणून दिवसभर नांग्यांनी वाळू आणि खडे बाहेर ढकलणे, कडा सावरणे हे तिचे काम चालूच असते. पण तिला फारच कमी दिसते. बाहेर कोण टपून बसले आहे, हे तिला कळत नाही.

याच बिळात गोबी नावाचा लहानसा मासा राहतो. आपल्या मुंबईच्या खाडीत चिखलावर उड्या मारणारे निवटे आपण पाहिले असतील. त्यांच्याच जवळच्या नात्यातला हा मासा. त्याची नजर तीक्ष्ण आहे, पण असे बीळ खणणे त्याला जमत नाही. तो बिळाच्या तोंडाशी पहारा करतो. कोळंबी वाळू घेऊन बाहेर आली की आपली एक लांब मिशी त्याच्या अंगावर टेकवून ठेवते. धोका दिसताच मासा शेपटी थरथरवतो. मिशीतून इशारा पोहोचतो आणि कोळंबी क्षणात आत शिरते. धोका फारच जवळ आला तर मासाही सूर मारून तिच्या मागोमाग आत जातो. मासा दाराशी नसला तर कोळंबी सहसा बाहेर येत नाही.

तांबड्या समुद्रातील ही सोबत जर्मन संशोधक लुथर यांनी १९५८ साली नोंदवली. पुढे इलान कार्प्लस यांनी तेथेच मिशी आणि शेपटीच्या या भाषेचा बारकाईने अभ्यास करून तो १९७९ साली प्रसिद्ध केला. अशी सोबत करणारे गोबी माशांचे शंभराहून अधिक प्रकार आज ठाऊक आहेत.

येथे एखादा चतुर गृहस्थ म्हणेल, "पाहा, निसर्गातसुद्धा एकाने खणायचे आणि दुसऱ्याने राखायचे. आमची वर्णव्यवस्था तरी दुसरे काय सांगते?" या युक्तिवादाचा समाचार बाबासाहेबांनी १९३६ साली 'जातिभेदाचे निर्मूलन' या ग्रंथात घेतला आहे. कामे वाटून घेण्याला कोणाचाच विरोध नाही. पण काम करणाऱ्या माणसांनाच कायमचे वेगळे काढायचे आणि एकावर एक रचायचे, ही जात आहे.

आता पुन्हा त्या बिळाकडे पाहा. खणणारी कोळंबी घराबाहेर नाही. जे घर ती बांधते, त्याच घरात ती राहते. रात्र झाली की राखणारा आणि खणणारी एकाच छपराखाली असतात. तिचा स्पर्श माशाला विटाळत नाही. उलट त्या स्पर्शावरच कोळंबीचा जीव अवलंबून आहे आणि तिच्या कष्टावर माशाचा निवारा. आपल्याकडे मात्र ज्यांनी विहिरी खणल्या, त्यांनाच पाणी भरण्याची बंदी होती. १९२७ साली महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांना सत्याग्रह का करावा लागला, हे आपल्या घरातील मुलांना ठाऊक असले पाहिजे.

अर्थात, कोळंबी आणि मासा यांना आपण गुरू मानावे असे आम्ही म्हणत नाही. ते उपजत बुद्धीने वागतात. समुद्रात एकमेकांना खाणारे जीवही पुष्कळ आहेत. माणसाला विचारशक्ती आहे, आणि तथागतांनी ती वापरायला शिकविले. कसे वागावे हे आपण माशांना विचारून ठरवत नाही. दाखला समुद्रातून आला काय किंवा पोथीतून आला काय, तो तपासून घ्यावा. २६ जानेवारी १९५० पासून अमलात आलेल्या संविधानाने समता हा आपला कायदा केला आहे, आणि कलम १७ ने अस्पृश्यता नष्ट केली आहे. तो कायदा माणसांनी माणसांसाठी केला.

तरीही 'निसर्गाचीच रीत' असे कोणी पुन्हा म्हणालेच, तर त्याला एवढेच विचारा: "खणणाऱ्याला घरात जागा आहे का?" आणि आज रात्री जेवताना मुलांना या बिळाची गोष्ट अवश्य सांगा.

जय भीम!