विष कोणी कोणाला पाजले? राणी बोना स्फोर्झाच्या बदनामीची चिकित्सा

पोलंडची राणी बोना स्फोर्झा हिचे नाव निघाले की गोष्ट विषापाशी येऊन थांबते. ती इटलीची, म्हणजे विषप्रयोगात निष्णात असणारच, असा त्यामागचा तर्क. साडेचार शतके चाललेल्या या कहाणीला पुरावा किती, हे तपासण्याची तसदी क्वचितच घेतली जाते.

बोनाचा जन्म १४९४ चा. मिलानचा ड्यूक ज्यान गालेआत्सो स्फोर्झा हा तिचा पिता. ती जेमतेम आठ महिन्यांची असताना तो वारला आणि त्याचा काका लुदोविको याने गादी बळकावली. (तेव्हाही विषाचीच कुजबुज झाली होती!) पुढे आईसोबत ती दक्षिणेत बारी येथे वाढली. १५१८ च्या एप्रिलमध्ये क्राकोव्ह येथे पोलंडचा विधुर राजा पहिला सिगिस्मुंड याच्याशी तिचा विवाहसोहळा व राज्याभिषेक झाला. वधू २४ वर्षांची, वर ५१ वर्षांचा.

पोलंडचा राजा उमरावांच्या संमतीवाचून हतबल होता, कारण राजघराण्याच्या असंख्य जमिनी त्यांच्याकडे गहाण पडल्या होत्या. बोनाने नेमके हेच दुखणे ओळखले. स्वतःचा पैसा ओतून तिने त्या जमिनी सोडवल्या, विशेषतः लिथुएनियात. शेतजमीन नव्याने मोजून सारा ठरवण्याची जी मोठी सुधारणा तिच्या मुलाने १५५७ मध्ये तेथे हाती घेतली, तिचा आरंभ बोनाच्या जमिनींवर आधीच झाला होता. पोदोलियातील एक गाव तिने तटबंदी करून वसवले आणि त्याला आपल्या बारीवरून बार हे नाव दिले. आज ते युक्रेनमध्ये आहे.

ज्यांच्या ताब्यातील जमिनी गेल्या, ते गप्प कसे बसणार? १५३७ मध्ये मोल्दाव्हियावरील मोहिमेसाठी ल्व्हूवजवळ जमलेल्या उमरावांनी मोहीम बाजूला ठेवून राजाराणीविरुद्धच तक्रारींचा पाढा वाचला. राणीची जमीनखरेदी ही त्यातील एक ठळक तक्रार. या बंडाला ‘कोंबड्यांचे युद्ध’ म्हणतात. लढाई झालीच नाही, परिसरातील कोंबड्या मात्र फस्त झाल्या, अशी त्याची थट्टा होते.

बोना संत नव्हती. पदांच्या वाटपातून तिने पैसा केल्याचे आरोप सर्वस्वी निराधार म्हणता येणार नाहीत. परंतु लोभ आणि खून यांत अंतर असते. माझोव्हियाचे शेवटचे दोन ड्यूक १५२४ आणि १५२६ मध्ये तरुण वयात वारले, तेव्हा संशय तिच्यावर आला. राजाने चौकशी करवली आणि मृत्यू नैसर्गिक ठरले.

दुसरा आरोप अधिक गाजलेला. तिचा मुलगा सिगिस्मुंड ऑगस्टस याने बार्बरा राजीव्हिल हिच्याशी गुप्तपणे विवाह केला. बोनाचा त्याला कडवा विरोध होता, हे खरेच. बार्बरा १५५१ च्या मे महिन्यात क्राकोव्ह येथे दीर्घ आजाराने वारली. आजाराची वर्णने पाहता तो कर्करोग असावा, असे अनेक अभ्यासक मानतात. बोना तर १५४८ मध्येच मुलाशी बिनसल्यावर माझोव्हियात निघून गेली होती. मग विष दिले कोणी? सासू-सुनेचे वैर हाच ज्यांना पुरावा वाटतो, त्यांच्याशी वाद घालणे व्यर्थ.

खरा विषप्रयोग पुढे झाला. १५५६ मध्ये बोना बारीला परतली. तेथे स्पेनच्या दुसऱ्या फिलिपला तिने ४ लाख ३० हजार डुकाट कर्जाऊ दिले. १९ नोव्हेंबर १५५७ रोजी तिचा मृत्यू झाला. तिच्याच दरबारातील ज्यान लोरेन्झो पापाकोडा याने तिला विष दिले, असे इतिहासकार मानतात. त्याने पुढे आणलेल्या मृत्युपत्रानुसार बारीचा प्रदेश गेला फिलिपकडेच. पापाकोडाला शिक्षा झाली नाही.

जिने विष दिल्याचे सिद्ध झाले नाही ती ‘विषकन्या’ ठरली, आणि ज्याचा विषप्रयोगात एवढा लाभ झाला त्या राजाच्या चरित्रात हे प्रकरण तळटीपेपुरते उरले! कर्जाच्या वसुलीसाठी पोलंडचे दूत पुढे कित्येक वर्षे खेटे घालत राहिले. संपूर्ण रक्कम कधीच परत मिळाली नाही. बारीच्या संत निकोलस चर्चमधील तिची समाधी मुलगी आन्ना हिने बांधवून घेतली.