हाक कोणी मारली?

घरात कोणी नसता आपल्या नावाने हाक ऐकू आल्याचा भास पुष्कळांस झाला असेल; तो चारचौघांत सांगण्याचे धैर्य मात्र थोड्यांनाच होते. गेल्या वर्षी आमच्या वर्गातील एका मुलीने ते दाखविले, आणि मधली सुट्टी होण्यापूर्वीच तिचे नाव ‘पिशी’ पडले. कोंकणीतील हा शब्द आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. तो इतका जड आहे हे त्या दिवशी कळले.

आमच्या गोव्यात अशा भासाला दोन उत्तरे तयार असतात. जुनी माणसे देवचाराचे नाव घेऊन घाड्याकडे धाव घेतात. शिकलेली माणसे वेडाचा शिक्का मारून मोकळी होतात. आम्हांस दोन्ही सारखीच उतावळी वाटतात.

१८९४ साली इंग्लंडमध्ये हेन्री सिज्विक व त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे १७,००० लोकांच्या जबान्या प्रसिद्ध केल्या. (ही मंडळी भुताखेतांच्या शोधात होती, ते असो!) दहांतील एकाने जागेपणी असा भास झाल्याचे सांगितले. पुढे २०१५ साली १८ देशांतील ३१,२६१ लोकांची पाहणी प्रसिद्ध झाली. तीत शेकडा ५.८ लोकांना भास किंवा तत्सम अनुभव कधी ना कधी आले होते. त्यांपैकी सुमारे एकतृतीयांशांना आयुष्यात एकदाच.

मग मेंदूत काही निराळे असते काय? मेंदूच्या पुढील भागात, आतल्या बाजूस, पॅरासिंग्युलेट नावाची एक घडी असते. ती जन्मापूर्वी अगदी शेवटी शेवटी तयार होते. कोणाला ती ठळक असते, कोणाला मुळीच नसते. केंब्रिजच्या संशोधकांनी निरोगी माणसांना ‘लॉरेल आणि हार्डी’ यांसारख्या जोड्या दिल्या. दुसरा शब्द कधी दाखविला, कधी मनात आणावयास सांगितला. पुढे विचारले : हा शब्द पाहिला होता की कल्पिला होता? २०११ साली त्यांनी प्रसिद्ध केले की, ज्यांना ही घडी दोन्ही बाजूंस नव्हती, त्यांची अशा स्मरणात अधिक गफलत होई. माणसे मात्र धडधाकट! २०१५ साली छिन्नमनस्कतेच्या रुग्णांपैकी भास होणाऱ्यांत ही घडी आखूड आढळली. घडी आखूड की माणूस वेडा, असा निकाल देण्यास आता कोणीही सरसावेल. परंतु २०१९ साली निरोगी असूनही भास होणाऱ्यांचे मेंदू तपासले, तेव्हा त्यांची घडी आखूड निघाली नाही.

तेव्हा ‘ऐकू आले का’ एवढ्यावर निवाडा करू नये, असे आमचे मत आहे. आवाज वारंवार येतो का, धमकावतो का, हुकूम सोडतो का, झोप व अभ्यास मोडतो का, हे विचारावे. आणि उत्तर होकारार्थी आल्यास विनाविलंब डॉक्टर गाठावा. बांबोळीची मानसोपचार संस्था आम्हां गोवेकरांना काही दूर नाही. भासांना सामान्य म्हटल्याने खरा आजार दुर्लक्षिला जाईल, असे आमचे एक स्नेही म्हणतात. आमचा अनुभव उलट आहे. ज्याला ‘पिसो’ म्हणवून घेण्याचे भय असते, तोच सर्वांत जास्त काळ लपवितो.

त्या मुलीला हाक कोणाची होती, हे वर्गात कोणीच विचारले नाही, आम्हीही नाही. शाळा सुटल्यावर विचारले.

“आजीची,” ती म्हणाली.

आजीला जाऊन तेव्हा महिना झाला होता.