दीड तासाचा डोंगर

आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर एक निवृत्त मुख्याध्यापक राहतात. माणूस निवृत्त होतो, त्याची छडी होत नाही. मध्यंतरी ते पाण्याच्या टाकीच्या दुरुस्तीची वर्गणी मागायला वर आले, तेव्हा मी लॅपटॉप मांडीवर घेऊन एका पाखराला डोंगरावर चढवत होतो. पाखरू दर वेळी अर्ध्या कड्यावरून घसरून खाली येत होतं आणि मी दर वेळी "अरेरे" म्हणत होतो. मुख्याध्यापकांनी चष्मा कपाळावर सरकवला, पडद्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि दोनच शब्द उच्चारले.

"या वयात?"

हे दोन शब्द आपल्याकडे फार जपून वापरतात. दुसरं लग्न, काळे केलेले केस आणि मधुमेह्यानं मागितलेली दुसरी जिलबी, एवढ्याच गुन्ह्यांना ते लागू आहेत. व्हिडिओ गेमचा त्यात नव्यानं समावेश झालेला दिसला. मी मुकाट्यानं वर्गणी दिली. समोरचा माणूस निघून गेल्यावरच मला मुद्दे सुचतात. म्हणून तर मी वकील न होता बँकेत चिकटलो. तेव्हा ते मुद्दे आता इथे मांडतो. मुख्याध्यापकांनी वाचले तर उत्तमच. नाही वाचले तर त्यांच्यासारखे घराघरात आहेत.

आधी कबुली देतो. तीन वर्षांपूर्वीपर्यंत मीही हेच म्हणत होतो. व्हिडिओ गेम म्हणजे पोरांनी अंधार करून बसायचं, बंदुका झाडायच्या आणि आईनं जेवायला हाक मारली की "पाच मिनिटं" म्हणायचं, एवढंच माझं ज्ञान. आमची कन्या कॅनडात असते. दर रविवारी तिचा फोन यायचा. "बाबा, जेवलात?" "जेवलो. तू?" "आत्ता उठतेय." "थंडी आहे का?" "आहे." "इकडे ऊन." पुढे गुडघ्याची चौकशी व्हायची आणि फोन आईकडे जायचा. अकरा हजारांहून अधिक किलोमीटरवरून येणारा आवाज आम्ही हवामानखात्याच्या कामाला जुंपला होता. प्रेम कमी नव्हतं हो, विषय नव्हता.

तेव्हा एकदा ती म्हणाली, "बाबा, आमचं एक मंडळ आहे. छोटे गेम खेळतो आणि मग त्यावर बोलतो. येता का?"

मंडळात अकरा जण आहेत. कोणी नाशिकचं, कोणी बंगळुरूचं, कोणी परदेशातलं. मी वयानं सर्वांत मोठा आणि बोटांनी सर्वांत हळू. मंडळाला नाव नाही. नावाचा विषय निघाला तर ती शेवटची बैठक ठरेल, हे आम्ही सर्व मराठी माणसं जाणून आहोत. कारभार भिशीसारखा. दर पंधरा दिवसांनी एकाचा नंबर लागतो, तो गेम निवडतो. गेम चारेक तासांत संपणारा हवा. प्रत्येकानं तो आपापल्या घरी, आपापल्या वेळी पुरा करायचा आणि रविवारी संध्याकाळी साडेसातला, म्हणजे कन्येच्या सकाळी, पडद्यावर जमायचं. नियम दोनच. ज्याचा पुरा झाला नाही त्याच्यासमोर शेवट फोडायचा नाही. आणि "छान होता" एवढं म्हणून सुटायचं नाही. दुसरा नियम नाट्यपरिषदेनंही घ्यायला हरकत नाही.

आता आक्षेप घेऊ. पहिला अर्थातच मुख्याध्यापकांचा: 'वेळेचा अपव्यय'. हे गृहस्थ रोज संध्याकाळी जी मालिका पाहतात तिच्यातल्या सुनेला सातशे भागांपूर्वी दिवस गेले होते. ती अजून बाळंत झालेली नाही. त्याला ते विरंगुळा म्हणतात. मी दीड तासात एक गेम संपवतो, तर तो अपव्यय! आणि छोट्या गोष्टीचं मोल आपल्याला का कोणी शिकवायला हवं? एकांकिकेवर जीव टाकणारी माणसं आपण. पुरुषोत्तम करंडक १९६३ पासून चालू आहे. तिथे एकांकिका तासाभरात आटोपते आणि तिच्यावरची भांडणं चहाच्या टपरीवर मध्यरात्रीपर्यंत चालतात. तिथे कोणी "एवढीशीच?" असं विचारत नाही. मग पडद्यावरच्या एकांकिकेनंच काय घोडं मारलंय?

एवढीशीचं टोक सांगतो. २००७ साली जेसन रोहरर नावाच्या अमेरिकन माणसानं 'पॅसेज' नावाचा गेम केला. लांबी पाच मिनिटं. पडद्यावर एक चिंचोळी पट्टी आणि तिच्यात ठिपक्यांचा एक माणूस. त्याला डावीउजवीकडे, खालीवर चालवायचं. सुरुवातीलाच एक बाई भेटते. तिला स्पर्श केला की ती जन्मभर बरोबर चालते. अडचण अशी, की दोघं झाल्यावर अरुंद वाटांतून जाता येत नाही आणि खजिन्याच्या पेट्या नेमक्या तसल्या वाटांच्या टोकाला. चालता चालता माणूस पिकतो, वाकतो आणि पाच मिनिटांत सगळं संपतं. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टनं २०१२ मध्ये पहिले चौदा व्हिडिओ गेम संग्रहात घेतले, त्यांत हा एक आहे. मुख्याध्यापकांना संग्रहालयाचा दाखला लागतो म्हणून दिला, एरवी मला गरज नव्हती.

कारण 'पॅसेज'च्या रविवारी कन्येनं विचारलं, "कोण कोण तिला बरोबर घेऊन गेलं?" सगळे हो म्हणाले. मी प्रामाणिकपणे सांगितलं, "मी नाही नेलं. पेट्या राहिल्या असत्या." त्याच क्षणी मागून सौभाग्यवती चहा घेऊन आली. तिनं कप ठेवला (आपटला म्हणत नाही) आणि म्हणाली, "बदलीच्या गावी मला कुठे नेलं होतंत? तेव्हाही बढतीच होती." अकरा चौकटींत अकरा माणसं गप्प. चाळीस वर्षांच्या संसारात जे निघालं नव्हतं, ते पाच मिनिटांच्या खेळानं बाहेर काढलं.

आणि माझा मुख्य मुद्दा इथेच आहे. पुस्तकावर बोलताना माणसाला पळायला जागा असते. नायक वाईट वागला तर दोष लेखकाचा. गेममध्ये बाईला मागे टाकून मी गेलो, पळवाट नाही. म्हणून त्यावरची चर्चा परीक्षणाऐवजी कबुलीजबाबाकडे सरकते. सगळ्यांनी एकच खेळ खेळलेला असतो, पण प्रत्येक जण त्यात आपापल्यासारखा वागलेला असतो. त्यामुळे "तू तिथे काय केलंस?" हा प्रश्न विचारता येतो. इतका सरळ प्रश्न आपण घरच्या माणसाला एरवी कधी विचारतो?

ऑस्ट्रेलियातल्या विच बीम या मंडळींचा 'अनपॅकिंग' नावाचा गेम आहे, २०२१ चा. करायचं काय? घर बदलल्यावरची खोकी उघडून सामान लावायचं. सौभाग्यवती म्हणाली, "हे खऱ्या घरात कधी केलंत का?" तो मुद्दा आपण सोडून देऊ. १९९७ ते २०१८ अशी एका मुलीची आठ घरबदलं. ती दिसत नाही, बोलत नाही, नुसतं सामान. २०१० मध्ये ती मित्राच्या घरी राहायला जाते. त्याच्या वस्तूंनी घर भरलेलं. तिच्या पदवीची फ्रेम कुठल्याच भिंतीवर बसत नाही. शेवटी ती पलंगाखाली सरकवावी लागते. त्या रविवारी नाशिकच्या वहिनी बराच वेळ बोलल्याच नाहीत. मग म्हणाल्या, "माझं एम. एस्सी.चं सर्टिफिकेट एकोणीस वर्षं माळ्यावर आहे. काल उतरवलं." हा अपव्यय असेल तर असा अपव्यय महाराष्ट्रात वाढो.

दुसरा आक्षेप उलट्या बाजूनं, आमच्या भाच्याकडून येतो. तो पट्टीचा खेळाडू. तो म्हणतो, "मामा, दोन तासांत संपतो? त्यापेक्षा शंभर तास चालणारा घ्या. पैसे वसूल." ही पैसे वसूल विचारसरणी मला अमर्याद थाळीच्या हॉटेलांतून परिचयाची आहे. तिथे माणूस चवीसाठी जेवत नाही, मालकाचं नुकसान करण्यासाठी जेवतो. बरं, शंभर तासांच्या गेमवर भाच्याला एकदा म्हटलं, "सांग बघू काय आहे त्यात." तो म्हणाला, "अजून संपला नाही." आणि त्याच्या फोनवर जे आहेत ते तर संपतच नाहीत, संपू नयेत अशाच बेतानं केलेले. रोज हजेरी लावा, बक्षीस घ्या, उद्या पुन्हा या. माझा खरा राग आहे तो यांच्यावर. वेळ खातात ते हे. गेम म्हटलं की मुख्याध्यापकांच्या डोळ्यांसमोर हेच येतात आणि शिक्षा होते आमच्या पाखराला. अहो, जे संपतं त्यावरच माणसाला बोलता येतं. पडदा पडला तरच लोक उठून बाहेर येणार, वडा घेणार आणि वाद घालणार.

तिसरा आक्षेप 'परदेशी खूळ' हा. त्याला उत्तर पुण्यातलंच आहे. नॉडिंग हेड्स गेम्स या पुण्याच्या मंडळींनी २०२० मध्ये 'राजी' नावाचा गेम काढला. सर्कशीतली मुलगी हरवलेल्या भावाला शोधायला निघते, दुर्गा आणि विष्णू पाठीशी. जगभरच्या पोरांनी तो खेळला. पुण्यातल्या किती जणांना ठाऊक आहे? आपल्या गावात पिकलेलं बाहेरच्यांनी वाखाणल्याशिवाय चाखायचं नाही, ही आपली परंपरा आपण इथेही मोडलेली नाही.

आता त्या पाखराकडे वळतो. गेमचं नाव 'अ शॉर्ट हाइक', २०१९ चा, कॅनडाच्या अॅडम रॉबिन्सन-यू यांचा. निवड अर्थात कन्येची. क्लेअर नावाचं पाखरू मावशीकडे सुटीला आलंय. फोनला रेंज नाही आणि तिला एका महत्त्वाच्या फोनची वाट आहे. रेंज फक्त डोंगराच्या शिखरावर. सोन्याची पिसं जमवत चढायचं. जितकी पिसं जास्त, तितका कडा उंच चढता येतो. वाटेत मासे धरा, लोकांशी गप्पा मारा. घाई कोणी करत नाही. सरावलेल्यांना दीड तास लागतो, मला चार दिवस लागले. मंडळाचा नियम मोडून शेवट सांगतो, कारण त्याशिवाय पुढचं सांगता येत नाही. शिखरावर फोन येतो तो आईचा. आईची शस्त्रक्रिया झालेली असते. ती ठीक असते.

रविवारी सगळे डोंगराच्या रंगांबद्दल, संगीताबद्दल बोलत होते. कन्या बोलेना. मग म्हणाली, "बाबा, तुमचं हर्नियाचं ऑपरेशन झालं, ते तुम्ही मला दहा दिवसांनी सांगितलंत."

मी म्हटलं, "अगं, उगाच तुला काळजी..."

"त्या दिवशी मी काय करत होते, माहितीय? ऑफिसच्या लोकांबरोबर तळ्याकाठी कणसं भाजत होते. तुम्हाला फोटो पाठवला होता. तुम्ही 'छान' असं लिहिलंत. नंतर मी तारीख जुळवून पाहिली. तुम्ही ते हॉस्पिटलमधून लिहिलं होतंत."

यावर काय बोलायचं? मंडळात "छान" म्हणून सुटायचं नाही हा नियम कोणी केला आणि का, हे मला तेव्हा कळलं. तिनं ते दोन वर्षं मनात ठेवलं होतं. त्या दोन वर्षांत आम्ही शंभरेक रविवार बोललो असू. थंडी, ऊन, गुडघा. एका पाखराला डोंगरावर चढवावं लागलं, तेव्हा आम्हाला रेंज मिळाली.

पुढच्या महिन्यात माझ्या डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढायचा आहे. तारीख, वेळ, डॉक्टरांचं नाव, सगळं कन्येला आधीच कळवलं आहे. तिनं वीस प्रश्न विचारून मला हैराण केलं, तो भाग वेगळा.

काल मुख्याध्यापक टाकीच्या वर्गणीची पावती द्यायला आले. पावती दिली, पण हलेनात. टाकीच्या नळाबद्दल बोलले, महापालिकेबद्दल बोलले. दाराशी जाऊन थांबले, चष्मा कपाळावर सरकवला आणि पायपुसण्याकडे बघत म्हणाले, "ते... तुमचं ते पाखरू. पोचलं का हो वर?"

मी म्हटलं, "सर, नियम आहे. शेवट सांगत नाही. दीड तास लागतो. बसा. स्वतः चढा."