कॅप्टनपद स्वेच्छेचे असावे

१९११ साली जबलपूरला भारतातील गाइड चळवळ सुरू झाली, तेव्हा तिचे दार केवळ युरोपीय वंशाच्या मुलींना उघडे होते. आज ते आपल्या मुलींनाही उघडे आहे. परंतु अनेक शाळांत कॅप्टनपद कनिष्ठ शिक्षिकेच्या गळ्यात पडते आणि पथक प्रजासत्ताकदिनाच्या संचलनापुरते उरते. निवासी शाळेतील मुलगी पहाटेच्या घंटेपासून रात्रीच्या हजेरीपर्यंत आज्ञाच पाळते. सहा-आठ जणींचा संघ, त्यांनी निवडलेली संघनायिका आणि शिबिराचा शिधा ठरविणारी त्यांची बैठक, एवढीच तिची निर्णयाची जागा. म्हणून हे काम स्वेच्छेने येणारीनेच स्वीकारावे, आणि शिधा कमी पडेल असे दिसले तरी त्या बैठकीत गप्प राहावे. माजी विद्यार्थिनींनी यासाठी आठवड्यातील एक तास द्यावा, ही विनंती.