करसवलत एकाची, शुश्रूषा दुसऱ्याची

केंद्रीय अंदाजपत्रकाचे दिवस जवळ आले, की ज्येष्ठ नागरिकांना प्राप्तिकरात काय मिळणार याची चर्चा रंगते. ती गैर नाही. वार्धक्यात उत्पन्न आटते आणि औषधोपचाराचा खर्च वाढतो, तेव्हा सरकारने हात सैल सोडावा ही अपेक्षा रास्तच आहे. परंतु या चर्चेत एक गोष्ट नेहमी निसटते. सवलत मिळण्यासाठी आधी कर भरावा लागतो, आणि कर भरण्यासाठी करपात्र उत्पन्न असावे लागते. ज्यांच्याकडे ते नाही, त्यांच्या म्हाताऱ्या माणसांचे काय?

सोलापूर जिल्ह्यातील सांगोला तालुका घ्या. माण नदीच्या काठचा हा मुलूख पिढ्यान् पिढ्या दुष्काळाशी झगडत आला. तरणी मुले पुण्या-मुंबईकडे जातात. गावात वृद्ध राहतात आणि त्यांच्याजवळ बहुधा एखादी सून. सासू अर्धांगवायूने अंथरुणाला खिळली, की सुनेचा शेतावरचा रोज बुडतो. औषधपाण्याचा खर्च डोळ्यांना दिसतो; हा बुडालेला रोज कोणत्याच हिशेबात येत नाही. शेतीच्या उत्पन्नावर प्राप्तिकर नाही आणि मजुरी करपात्र मर्यादेच्या आसपासही पोचत नाही. तेव्हा प्राप्तिकरातील सवलत कितीही उदार केली, तरी या घराच्या उंबऱ्यापर्यंत ती पोचणे अशक्य आहे.

आता हिशेब पाहू. जुन्या करप्रणालीत ज्येष्ठ आईवडिलांच्या आरोग्यविम्यासाठी ५० हजार रुपयांपर्यंतची वजावट मिळते. तीस टक्क्यांच्या टप्प्यातील करदात्याने ती पुरेपूर घेतली, तर उपकरासह त्याचे १५ हजार ६०० रुपये वाचतात. म्हणजे तेवढी रक्कम केंद्राची तिजोरी सोडून देते. याउलट दारिद्र्यरेषेखालील वृद्धाच्या निवृत्तिवेतनात केंद्राचा वाटा आहे महिना २०० रुपये, वर्षाला २ हजार ४००. १९९५ साली ७५ रुपयांनी सुरू झालेली ही रक्कम २००६-०७ च्या सुमारास २०० झाली आणि तेथेच थांबली. ऐंशी वर्षांवरील वृद्धांना तेवढे ५०० मिळतात. एकाच तिजोरीचे हे दोन हात आहेत. सुस्थितीतील वृद्धासाठी एक हात जितका सोडतो, त्याच्या सहाव्या भागाइतकेही दुसरा निराधाराला देत नाही.

मध्यमवर्गाने यावर रागावण्याचे कारण नाही, कारण त्याच्याही पायाखालची जमीन सरकते आहे. २०२३-२४ पासून नवी करप्रणाली हाच सर्वसाधारण नियम झाला आणि तीत या वजावटींना जागा नाही. दर कमी, सवलती नाहीत, असे तिचे सूत्र आहे. ते मान्य केले, तर आईवडिलांचा भार वाहणारा आणि न वाहणारा असे दोघेही कायद्याच्या लेखी सारखेच ठरतात. सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्यविम्यावरील वस्तू व सेवा कर रद्द झाला हे चांगलेच झाले. मात्र ज्याने विमा उतरवलेलाच नाही, त्याला त्याचा उपयोग नाही.

राज्य सरकारने काहीच केले नाही असे म्हणता येणार नाही. १९८० साली संजय गांधी निराधार अनुदान योजना आली. पुढे श्रावणबाळ योजना आली आणि तिचे अनुदान २०२३ पासून महिना १,५०० रुपये झाले. २०२४ च्या वयोश्री योजनेत उपयुक्त साधनांसाठी एकदाच ३ हजार रुपये देण्याची तरतूद आहे. सत्तरीपुढील सर्वांना पाच लाखांपर्यंत रुग्णालयीन उपचारांचे संरक्षण केंद्राने २०२४ मध्ये दिले. पण रुग्णालयातून घरी आणल्यावर जी खरी शुश्रूषा सुरू होते, तिची दखल यांपैकी एकाही योजनेत नाही. योजनेला नाव श्रावणबाळाचे, आणि कावड मात्र सुनेच्या खांद्यावर! २००७ च्या कायद्याने आईवडिलांना टाकणाऱ्या मुलांकडून निर्वाहभत्ता वसूल करण्याची सोय केली. जो सांभाळत नाही त्याला शासन आहे. जी सांभाळते तिला आधार नाही.

यावर एक आक्षेप हमखास येतो. आईवडिलांची सेवा हा धर्म आहे, तिला मोबदला कसला? सांगोल्याच्या शेजारीच पंढरपूर आहे आणि पुंडलिकाची कथा येथे कोणाला सांगावी लागत नाही. परंतु त्या कथेत देवाला विटेवर तिष्ठत उभे राहावे लागले; सेवेकऱ्याच्या हातातले काम थांबले नाही. सेवेपुढे प्रत्यक्ष देव थांबतो, तर सरकारने निदान तिची नोंद घेण्यास हरकत नसावी. ब्रिटनने १९७६ मध्ये शुश्रूषा करणाऱ्यांसाठी भत्ता सुरू केला, पण विवाहित स्त्रियांना त्यातून वगळले. त्या घरीच असतात, ही त्यामागची समजूत होती. युरोपीय न्यायालयात हा भेदभाव टिकला नाही आणि १९८६ साली तो संपला. आपण अजून त्याच समजुतीत आहोत. जर्मनीने १९९५ मध्ये आणि जपानने २००० मध्ये शुश्रूषेचा स्वतंत्र विमा उभा केला. तेवढे दूर जायचे नसेल, तर केरळ आहे. तेथे अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची घरी काळजी घेणाऱ्यासाठी महिना ६०० रुपयांची योजना आहे. रक्कम तुटपुंजी आहे, पण तत्त्व मान्य झाले आहे.

पैसा कोठून आणणार, या प्रश्नाचे उत्तर महाराष्ट्राने पन्नास वर्षांपूर्वीच दिले आहे. १९७२ च्या दुष्काळानंतर वि. स. पागे यांच्या कल्पनेतील रोजगार हमी योजनेने मूळ धरले. तिच्यासाठी १९७५ साली व्यवसाय कर बसवण्यात आला. शहरातल्या पगारदाराने आणि व्यावसायिकाने कर द्यावा व त्यातून खेड्यातल्या मजुराला काम मिळावे, असा तो सरळ करार होता. १९९० मध्ये फळबाग लागवड या योजनेशी जोडली गेली आणि कोरडवाहू माळरानावर डाळिंबाच्या बागा उभ्या राहिल्या. शहराचा कर माणदेशात डाळिंब होऊन उगवला, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. सांगोल्याचे अकरा वेळा प्रतिनिधित्व करणारे गणपतराव देशमुख यांच्याकडे रोजगार हमीचे खातेही काही काळ होते. हा करार त्यांना मतदारसंघातल्या रस्त्यांवरून आणि बांधांवरून ठाऊक होता.

आता त्या कराराची दुसरी आवृत्ती काढण्याची वेळ आली आहे. रोजगाराच्या खर्चाचा मोठा भार २००५ च्या कायद्यानंतर केंद्राकडे गेला. व्यवसाय कर मात्र चालूच आहे. त्याच्या उत्पन्नातील ठरावीक हिस्सा शुश्रूषा निधी म्हणून बाजूला काढावा आणि परावलंबी वृद्धाला सांभाळणाऱ्या व्यक्तीच्या खात्यात दरमहा भत्ता जमा करावा. या कराची वर्षाला २,५०० रुपयांची कमाल मर्यादा १९८८ पासून बदललेली नाही. ती वाढवण्यास घटनादुरुस्ती लागेल, आणि राज्याने ती मागावी. श्रावणबाळ योजनेला वर्षानुवर्षे चिकटलेली २१ हजार रुपयांची वार्षिक उत्पन्नमर्यादाही व्यवहाराला धरून नाही. खोटी नावे घुसतील ही भीती खरी आहे. खोटे हजेरीपट रोजगार हमीतही निघाले होते. पण गावात कोण अंथरुणावर आहे आणि त्याचे कोण करते, हे आशा सेविकेला व शेजाऱ्यापाजाऱ्यांना नेमके माहीत असते. ग्रामसभेत यादी वाचली, तर खोटे फार काळ टिकणार नाही.

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रातील दर शंभरांत सुमारे दहाजण साठीपुढचे होते. हे प्रमाण वाढणार आणि त्यांना सांभाळणारे हात कमी होणार, हे सांगण्यास ज्योतिषी नको. वार्धक्यात सार्वजनिक साहाय्य मिळावे, असे राज्यघटनेचे ४१ वे कलम सांगते. पुण्यात नोकरी करणारा सांगोल्याचा मुलगा व्यवसाय कर भरतोच. त्याच्या गावी म्हातारपण सांभाळणाऱ्या बाईला त्यातले चार पैसे मिळाले, तर तो तिच्यावर उपकार ठरणार नाही. बुडालेल्या रोजाची ती उशिरा झालेली अंशतः भरपाई असेल.