सातवा आकडा

जाणत्या माणसाचा पहिला अंदाज सहसा चुकत नाही, असा समज रूढ आहे. तो निम्माच खरा आहे. आणि उरलेल्या निम्म्यापायी पुष्कळांचे नुकसान होत आले आहे.

अंतःप्रेरणा ही गूढ शक्ती नव्हे, ती ओळख होय. चेस व सायमन या अमेरिकेतील संशोधकांनी १९७३ साली बुद्धिबळाच्या खऱ्या डावांतील पट पाच सेकंद दाखवून झाकला. निष्णात खेळाडूने बऱ्याचशा सोंगट्या जागच्या जागी मांडल्या. नवशिक्यास मोजक्याच साधल्या. परंतु सोंगट्या वाटेल तशा विखरून मांडताच निष्णाताची सरशी जवळजवळ नाहीशी झाली. २०११ साली जपानमध्ये शोगी या पटावरील खेळाच्या व्यावसायिकांना क्षणार्धात चाल सुचत असता त्यांच्या मेंदूतील पुच्छकेंद्र, म्हणजे सवयीच्या कृतींशी निगडित असा खोलवरचा भाग, कार्यरत झालेला आढळला. हौशी खेळाडूंत तसे दिसले नाही.

अशी ओळख अंगी मुरण्यास विषयात नियमितपणा लागतो आणि आपली चूक लवकर कळावी लागते. बुद्धिबळात दोन्ही आहेत. मुलाखतीत मात्र नाकारलेला उमेदवार परीक्षकासमोर पुन्हा येतच नाही. मग चूक कळावी कशी?

पुढे २००२ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळविणारे डॅनियल कानेमन १९५५ च्या सुमारास इस्रायली सैन्यात तरुण अधिकारी होते. नवसैनिकांच्या मुलाखतींची पद्धत सुधारण्याचे काम त्यांच्याकडे आले. एकंदर मत बनवू नये, सहा गुणविशेषांची एकेक करून विचारपूस करावी व प्रत्येकास आकडा द्यावा, असे त्यांनी ठरविले. मुलाखत घेणारे चिडले. आपल्याला यंत्रे बनविले जात आहे, अशी त्यांची तक्रार होती. तेव्हा कानेमन यांनी तोड काढली: सहा आकडे लिहून झाल्यावर डोळे मिटावेत आणि मनास वाटेल तो आणखी एक आकडा द्यावा. पुढे पडताळा घेतला असता सहा आकड्यांची बेरीज जुन्या पद्धतीहून सरस ठरलीच. पण डोळे मिटून दिलेला सातवा आकडाही तितकाच उपयुक्त निघाला. याचे खुद्द कानेमन यांनाही आश्चर्य वाटले.

म्हणजे अंतःप्रेरणेस हाकलून देण्याचे कारण नाही; तिची पाळी शेवटी यावी, एवढेच. निवडसमित्यांत बहुधा याच्या उलट घडते. उमेदवार खुर्चीवर बसतो न बसतो तोच सातवा आकडा ठरून जातो आणि पुढील प्रश्न त्याच्या समर्थनार्थ विचारले जातात. वर्गात सर्वांआधी हात वर करणारा मुलगा हुशार ठरतो, तोही याच घाईने. सहा रकान्यांचा तक्ता आखण्यास एक कागद पुरतो. तो मुलाखतीपूर्वी आखलेला असावा लागतो, नंतर नव्हे.